अठरावी फ्रेम

१४ जानेवारी, बुधवार

नाट्यगृहाचा दर्शनी भाग झाला एकदाचा! सकाळी आठ ते दहा. ऊन हवं तसं – कमानींच्या आत शिरणारं, पण खांबांवर न सांडणारं. असं ऊन या इमारतीवर वर्षातून जेमतेम तीन आठवडे येतं.

नेहमीची पद्धत. कॅमेरा फाटकाशी तिवईवर घट्ट बसवायचा, आणि दर तीन मिनिटांनी एक फ्रेम. अशा चाळीस. घरी येऊन त्या संगणकावर एकावर एक ठेवायच्या. सगळ्या फ्रेममध्ये जे जागच्या जागी आहे ते राहतं, जे हललं ते पुसलं जातं. माणसं आपोआप जातात. कुणाला हटकायला नको, 'जरा बाजूला व्हा' म्हणायला नको. लोक येऊन विचारतात, आम्ही मध्ये येतोय का? मी म्हणते, या की, काही फरक पडत नाही.

एक म्हातारे गृहस्थ मात्र तिसऱ्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. आधी माझ्यापाशी येऊन विचारून गेले होते – बसलो तर चालेल ना? बसा म्हटलं. दोन तास! कंटाळले कसे नाहीत?

प्रत्येक फ्रेमला आकडा मोठ्याने म्हणायची माझी सवय. 'चाळीस' म्हणून थांबले. घरी मोजल्या तर एकोणचाळीस. कुठे चुकले?

१६ जानेवारी, शुक्रवार

सगळी माणसं गेली, पायरीवरचे म्हातारबुवा राहिले. न हललेला माणूस म्हणजे या पद्धतीला खांबच! शेवटी हाताने काढले. त्यांच्याभोवती कड आखली, आतली जागा शेजारच्या दगडांवरून भरली. दगडांचे सांधे एकेक करून जुळवले. अख्खा दिवस गेला. आता कुणी सांगू शकणार नाही तिथे कोणी होतं म्हणून.

समाधान वाटलं. लिहून ठेवते, कारण हल्ली क्वचित वाटतं.

३ मे, रविवार

डिस्क भरली. काम पोचतं केल्यावर तीन महिन्यांनी इमारतींच्या कच्च्या फ्रेम पुसायच्या, हा माझा नियम; नाटकांच्या तेवढ्या ठेवते. नाट्यगृहाच्याही पुसल्या.

दुपारी चारला दुकानात 'पिशवी नको' म्हणाले तेव्हा लक्षात आलं, हे आजचे पहिले शब्द. घोगरे निघाले.

२१ जून, रविवार

नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंतीवर चित्र काढणं चाललंय – चार मजली शिडी, तिच्यावर काहीच नाही. नुसती शिडी. मला फार आवडली, कॅमेरा लावला. दोरांवरच्या पाळण्यात उभी राहून रंगवणाऱ्या मुलीने वरून ओरडून सांगितलं, "भिंतीपाशी कुणाला तरी उभं करा, नाहीतर केवढी आहे ते कळायचं कसं?" मी हात हलवला आणि फाटकाजवळची माणसं जाईपर्यंत थांबले.

संध्याकाळी दादाचा फोन. भाचीला शाळेसाठी घरच्यांच्या फोटोंचा तक्ता करायचाय. आत्याचा चौकोन रिकामा आहे. "जगाचे फोटो काढतेस, स्वतःचा एक पाठव की!" पाठवते म्हटलं. शोधला. ओळखपत्रावरचा आहे, नऊ वर्षांपूर्वीचा. त्यात मी गुन्हेगारासारखी दिसते.

नाही पाठवला.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन. पंचवीस तारखेला शेवटचा प्रयोग, मग दुरुस्तीसाठी दोन वर्षं कुलूप. डावीकडे परांची चढलीसुद्धा. त्या दिवशी माझा जानेवारीतला फोटो सहा फुटी छापून आतल्या दालनात लावायचाय. आणि त्याच कार्यक्रमात त्यांच्या प्रॉम्प्टरना निरोप द्यायचाय. एकतीस वर्षं विंगेत बसून त्यांनी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. सगळे त्यांना कुजबुजकाका म्हणतात.

"एकतीस वर्षांत त्यांचा एक धड फोटो नाही हो आमच्याकडे," व्यवस्थापक म्हणाले. "पण काका म्हणतात, काळजी नको, बाईंच्या फोटोत मी आहे. तिसऱ्या पायरीवर. फोटो बिघडू नये म्हणून दोन तास जागचा हललो नाही."

त्यांच्याजवळची प्रत हाताएवढी आहे, तीत पायऱ्याच नीट दिसत नाहीत. मोठ्यात काका स्पष्ट दिसतील असं बघा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी म्हणाले, बघते.

बघते! काय बघणार आहे?

१० ऑक्टोबर, शनिवार

जानेवारीची पानं काढून वाचली. 'कंटाळले कसे नाहीत' असं लिहिलंय मी. अक्षर छान आहे.

ते विचारायला आले होते. मी 'बसा' म्हटलं. त्यांना वाटलं, बाईंनी फोटोसाठी बसवलं. मला वाटलं, बसेनात का, नाहीतरी फोटोतून जाणारच आहेत. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं, आणि तो माणूस दोन तास माझ्यासाठी दगड होऊन बसला. आणि मी त्याच्या जागी दगड भरला.

व्यवस्थापकांना फोन करून खरं सांगायचं. तीनदा फोन उचलला. त्यांची जेवणाची वेळ असेल, झोपेची असेल, कामाची असेल. मग संध्याकाळ झाली.

११ ऑक्टोबर, रविवार

या नाट्यगृहात मी अकरा वर्षं प्रयोगांचे फोटो काढतेय. एखाद्यात तरी काका असतीलच! सकाळपासून सगळे काढून बसले. सातव्या रांगेतून काढलेले शेकडो फोटो – राजे, भुतं, भांडणाऱ्या सासवा. काका कुठेच नाहीत.

दुपारी एका कच्च्या फ्रेममध्ये डाव्या विंगेच्या काठाला पिवळट उजेडाचा ठिपका दिसला. बॅटरी. संहितेवर धरलेली. त्या उजेडात एक अंगठा. अंगठाच फक्त.

मग तोच ठिपका शोधत गेले. नऊ नाटकांत सापडला. आणि छापायला दिलेल्या प्रत्येक प्रतीत मी तो काळा केलाय किंवा कापलाय. 'विंगेतला उजेड काढला' – माझ्याच नोंदी!

म्हणजे जानेवारीत पहिल्यांदा नाही. अकरा वर्षं काढतेय मी या माणसाला.

१२ ऑक्टोबर, सोमवार

वहिनीचा निरोप – भाचीचा तक्ता शाळेतून परत आला, आता घरात भिंतीवर लावलाय. आत्याच्या चौकोनात भाचीने कॅमेऱ्याचं चित्र काढलंय. "रागावू नका हं," असं वर. रागावले नाही. चित्र बरं आहे.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

कच्च्या फ्रेम परत मिळत नाहीत. डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे दोन तास बसले. तो म्हणाला, त्यावर दहा वेळा दुसरं लिहिलं गेलंय, ताई, आता देवाचं नाव घ्या.

पण काम करताना जतन केलेली एक फाइल सापडली. तीत काका नाहीत, काकांभोवती मी आखलेली कड आहे. पुढे काही बदलावं लागलं तर असू दे म्हणून ठेवलेली. उघडली – काळ्या पडद्यावर पांढरा आकार. बसलेला माणूस. उजवा खांदा उतरलेला, डावा हात गुडघ्यावर, मान किंचित पुढे काढलेली, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. केसांची टोकंसुद्धा आहेत. काय निगुतीने आखलंय!

माणूस गेला, आणि त्याच्या मापाचं भोक तेवढं माझ्याकडे राहिलं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

काकांच्या घरी गेले. पत्ता तिकीट खिडकीवरच्या ताईंनी दिला. चौथा मजला, दोन खोल्या, मुलगा-सून. काका खिडकीशी खुर्चीत. जानेवारीत भरलेले गृहस्थ होते. आता सदरा खांद्यांवरून लोंबतोय. फुप्फुसाचं दुखणं. आवाज गेलाय, कुजबुज उरलीय. "धंद्यातला तेवढा शिल्लक ठेवलाय," असं तेच म्हणाले.

सुनेने चहा ठेवला आणि म्हणाली, फोटोवाल्या बाई येणार म्हणून सकाळी दाढी केलीय त्यांनी. मी कप उचलला नाही. म्हटलं, आधी सांगते, मग पिते.

सांगितलं सगळं. चाळीस फ्रेम, हललेली माणसं, न हललेले ते, हाताने काढणं. सून दारात थबकली. काका ऐकत राहिले, मान पुढे काढून – अगदी त्या आकारासारखी.

"माझ्या मागचा दगड कसा होता, ते तुम्हाला कुठे ठाऊक?" त्यांनी विचारलं.

शेजारच्यांवरून भरला, म्हणाले मी.

"म्हणजे अंदाजपंचे." मग म्हणाले, "आणि सतरानंतर तुम्ही एकोणीस म्हणालात."

मला कळेना.

"आकडे म्हणत होता ना तुम्ही? माझे डोळे तुमच्या ओठांवर होते. लांबचं स्वच्छ दिसतं मला, जवळचंच गेलंय. सोळा, सतरा, एकोणीस. अठरा गाळलात. सांगणार होतो. पण हललो असतो."

एकोणचाळीस फ्रेम! नऊ महिन्यांनी हिशेब लागला. मी रडले असते तर बरं झालं असतं, पण हसू आलं. त्यांनाही आलं, आणि हसताना खोकला. सुनेने पाठ चोळली आणि माझ्याकडे असं पाहिलं की चहा गार होण्याआधी प्यायले.

निघताना म्हणाले, "परत घाला मला."

मी म्हटलं, तिथे नसलेलं काही मी फोटोत कधी घालत नाही. तत्त्व आहे माझं.

"पण मी होतो तिथे," काका म्हणाले.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

काढताना तत्त्व कुठे गेलं होतं? शेजारच्या दगडावरून दगड भरला, तो तरी तिथे होता का? वीस वर्षं सांगत आले की माणसं गेली की इमारत दिसते. इमारत कुणासाठी बांधली होती, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. गर्दी नको वाटते हे साधं कारण असेल, आणि मी त्याला कला म्हणत आले असेन.

काकांना हो कळवलं. उद्या सकाळी त्यांच्या इमारतीच्या पायरीवर. ऊन तिरपं मिळतंय.

१७ ऑक्टोबर, शनिवार

लिफ्ट नाही. मुलाने खुर्चीसकट उतरवलं. पायरीवर उशी घालावी असं सुनेचं म्हणणं. काका म्हणाले, तेव्हा नव्हती. "तेव्हा तब्येत होती," ती म्हणाली. उशी राहिली.

मी म्हटलं, आता एकच फ्रेम पुरे आहे, एका क्षणात होईल. तर नाही! चाळीसच. दोन तासांवरून घासाघीस करत मिनिटाला एकवर आणलं. मी रस्त्यापलीकडे तिवईशी, ते पायरीवर. उजवा खांदा आपोआप उतरला, डावा हात गुडघ्यावर गेला. शिकवावं लागलं नाही.

सतराला सून पाण्याचा पेला घेऊन मध्येच आली. मी गडबडले. पुढचा आकडा तोंडाशी आला, आणि खरंच – कोणता? सकाळच्या शांततेत पलीकडून, ओठ न हलवता, कुजबुज आली.

"अठरा."

एवढ्या लांबून कशी पोचली कुणास ठाऊक. त्यांच्या कुजबुजीला शेवटच्या विंगेपर्यंत जायची सवय असणार.

चाळीस भरल्या. पूर्ण.

१९ ऑक्टोबर, सोमवार

बसत नाहीत! काका त्या आकारात बसत नाहीत. ऊन जुळलं, कोन जुळला, डोक्याची उंची बरोबर केली – आणि चारी बाजूंनी जागा उरते. खांद्याशी बोटभर, पोटाशी जास्त. नऊ महिन्यांत माणूस एवढा कमी झाला.

थोडं फुगवलं तर बसतील. पाच मिनिटांचं काम, कुणाला कळणार नाही. फुगवलं. बघितलं. जानेवारीतल्या उन्हात बसलेला ऑक्टोबरातला आजारी माणूस, हवा भरलेला. ताबडतोब घालवलं.

खरा म्हणावा असा तो पांढरा आकारच आहे फक्त. तो त्याच दिवशीचा आहे.

२० ऑक्टोबर, मंगळवार

गेल्या वेळी न विचारता केलं होतं. म्हणून या वेळी फोन केला. सुनेने त्यांच्या कानाशी धरला.

म्हटलं, तुमच्या जागी भरलेला दगड मी काढून टाकते. तिथे कागद पांढरा राहील, तुमच्या मापाचा. बाकी सगळा फोटो तसाच. खाली लिहीन की इथे कोण बसले होते आणि त्यांना कुणी काढलं. चालेल का? नसेल चालत तर तसं सांगा.



"ओळखतील?" त्यांनी विचारलं.

माहीत नाही, म्हणाले मी. खोटं कशाला सांगू?

"असू दे," काका म्हणाले. "करा."

२२ ऑक्टोबर, गुरुवार

छपाईवाल्याने दोनदा फोन केला – मॅडम, मध्ये पांढरं राहिलंय, फाइल चुकलीय. नाही म्हटलं, माणूस आहे तो.

व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. ते 'अहो पण' म्हणाले, पुन्हा 'अहो पण' म्हणाले, आणि फोन ठेवला.

२५ ऑक्टोबर, रविवार

गेले. जिवावर आलं होतं, तरी गेले.

दालनात फोटो लागला होता. सहा फुटी इमारत, कमानींत जानेवारीचं ऊन, आणि तिसऱ्या पायरीवर पांढरं भगदाड. व्यवस्थापक माझ्याकडे न बघता कपाळ पुसत होते. लोक येत होते, बघत होते, खालची ओळ न वाचता पुढे जात होते. एकजण म्हणाला, कागद फाटलाय वाटतं. मी खांबाआड उभी. काका चाकाच्या खुर्चीत, फोटोच्या समोर, हात मांडीवर. बाजूने बघितलं तर चेहरा काही सांगेना.

मग रंगपटातून नटमंडळी आली, अर्धी रंगवलेली. पुढे एक वयस्क नटी होती. ती फोटोसमोरून चालत गेली, थबकली, दोन पावलं मागे आली आणि पांढऱ्या आकाराकडे बोट केलं.

"अगं बाई, काका!"

आणि मग सगळेच. एकजण म्हणाला, तो खांदा बघा. दुसरा म्हणाला, ती मान बघा, आता वाक्य देतील. मला उमजेना, चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी हे एका क्षणात ओळखतात कसे! नटीलाच विचारलं. ती म्हणाली, "रंगमंचावरून आम्ही त्यांना असंच बघितलंय हो. विंगेत, नुसता आकार. बाहेर उजेडात भेटले असते तर मी बहुतेक ओळखलं नसतं."

काकांनी खुर्ची जवळ न्यायला लावली. बराच वेळ पाहिलं. 

"पोट जरा जास्तच दाखवलंय," ते म्हणाले. त्या कुजबुजीवर दालन हसलं.

त्यांच्या इमारतीच्या पायरीवरचा चेहऱ्याचा फोटो चौकटीत बसवून आणला होता, तो सुनेच्या हातात दिला. चाळिसातला अठरावा. तिने पदराने काच पुसली.

शेवटचा प्रयोग मी पाहिला नाही. कॅमेरा नव्हता, हात कुठे ठेवायचे कळेना. बाहेर पडताना तिकीट खिडकीवरच्या ताईंनी हाक मारली. त्यांच्या फोनमध्ये काहीतरी आहे म्हणाल्या, जानेवारीतलं. काका एवढा वेळ गप्प बसलेले बघून गंमत वाटली म्हणून खिडकीतून काढलेलं. त्यात काका पाठमोरे, चेहरा नाही, म्हणून कुणाला दाखवलं नव्हतं. पाठवते म्हणाल्या.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

फोटो आला. पुढे काकांची पाठ, उतरलेला खांदा. पलीकडे फाटकाशी, पूर्ण उन्हात, मी. तोंड उघडं आहे, कुठलातरी आकडा म्हणतेय. दोघं समोरासमोर. दोन तास कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, एकही शब्द चुकू नये म्हणून. मी म्हणे एकटी होते त्या दिवशी.

वहिनीला पाठवला, चौकोनासाठी. तिचं लगेच उत्तर – "किती छान आलात! ते पाठमोरे कापून टाकू का?"

लिहिलं, नको. ते माझ्याबरोबर आहेत.